साठीनंतर वजन उतरवायचंय? नुसतं चालून नाही, आणि नुसतं कमी खाऊन तर अजिबातच नाही

मी आता ६३ ची. नाशिकला राहते, ३१ वर्षं शाळेत शिकवलं, उंची पाच फूट एक इंच. दोन वर्षांपूर्वी वजन होतं ७८ किलो, आज ६८.५ आहे. हे साडेनऊ किलो उतरवायला १४ महिने लागले आणि त्याआधी दोनदा सपशेल आपटले होते. ते आपटणं आधी सांगते, कारण बहुतेक जणी त्याच दोन खड्ड्यांत पडतात.

पहिला प्रयत्न नुसतं चालण्याचा. आठ महिने कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज, पावसात छत्री घेऊन सुद्धा, आणि उतरलं किती तर दीड किलो. दुसरा प्रयत्न नुसत्या डाएटचा, भाचीच्या लग्नाआधी. कुणीतरी फोनवर लिहून दिलेलं, सकाळी दुधीचा रस, दुपारी सूप, रात्री एक फळ. अडीच महिन्यांत सहा किलो गेले, सगळे वा वा करायला लागले, आणि त्याच महिन्यात एका हळदीकुंकवाला सतरंजीवर बसले ती उठताच येईना, दोघींनी काखेत हात घालून उठवलं. केस मुठीने गेले ते वेगळंच. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळे सहा किलो परत, वर दीड-दोन किलो व्याज.

नंतर कळलं की माझं जे झालं ते अगदी मोजून सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या, ५० ते ७५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या ४३९ बायकांवर वर्षभराचा प्रयोग केला होता, २०१२ च्या सुमारास छापून आला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं, तोही आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटं, सरासरी २.४ टक्के वजन उतरलं. नुसतं खाणं बदललं त्यांचं ८.५ टक्के. दोन्ही केलं त्यांचं १०.८ टक्के. म्हणजे काटा खाली आणतं ते मुख्यतः ताट, मग व्यायाम कशाला? तर जे उतरतंय ते चरबी आहे की मांडीचं मांस, हे व्यायामावर ठरतं. सतरंजीवरून मला उठता आलं नाही ते त्या सहा किलोत माझे स्नायू पण गेले होते म्हणून.

तर आता क्रमाने सांगते.

१. आधी फाइल घेऊन डॉक्टरकडे

हे टाळू नका, "मला काय झालंय" म्हणू नका. आपल्या वयात बीपी, शुगर, थायरॉइड यातलं एक तरी असतंच, आणि खाणं कमी व चालणं जास्त एकदम सुरू केलं की गोळ्यांचं गणित बदलतं. शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते, हातापायाला कापरं, दरदरून घाम, काही सुचेनासं होतं. बीपीच्या गोळीवर असाल तर उठल्या उठल्या डोळ्यापुढे अंधारी येते. गोळी कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील, आपण मनाने बंद करायची नाही.

बरोबर काय न्यायचं:

- चालू गोळ्या, नाव पाठ नसतील तर सरळ स्ट्रिपच पिशवीत घालून न्या
- काढे, चूर्णं, "वजनाची पावडर" घेत असाल तर तीही, लाजू नका
- गेल्या वर्षभरातले रिपोर्ट, गुडघ्याचे किंवा पाठीचे एक्सरे असतील तर ते
- झालेली ऑपरेशनं आणि मोडलेली हाडं कागदावर लिहून
- घरात कुणाला कमी वयात हार्टअटॅक आला असेल तर ते

माझ्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, टीएसएच, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, बी१२, डी व्हिटॅमिन आणि ईसीजी सांगितला. क्रिएटिनिन महत्त्वाचं, कारण पुढे प्रथिनं वाढवायला सांगणार आहे आणि किडनीचा त्रास असेल तर तो सल्ला तुम्हाला लागू नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. ६५ च्या पुढे असाल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर डेक्सा स्कॅनबद्दल पण विचारा, त्यात हाडं किती ठिसूळ झालीत ते कळतं. जाहिरातीतलं भलं मोठं "फुल बॉडी पॅकेज" करायची गरज नाही, डॉक्टर लिहून देतील तेवढंच करा.

२. मोजून ठेवा, पण फक्त वजन नाही

तीन आकडे लिहून ठेवा.

वजन: आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोज काट्यावर चढलात तर वेड लागेल, आदल्या दिवशी पापड-लोणचं जास्त झालं तरी काटा अर्धा-एक किलो वर जातो, ते नुसतं पाणी असतं.

कंबर: टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडल्यावर, साडीवरून नाही. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याची पातळी धरतात. माझी ९८ होती. बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचे) आकडे पण आपल्याला वेगळे आहेत, २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे परदेशी चार्ट बघून "मी तर नॉर्मल" असं समाधान करून घेऊ नका.

उठबस: हा माझा सगळ्यात आवडता आकडा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर दुमडा, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला निदान १२, ६५ ते ६९ ला ११ आणि ७० ते ७४ ला १० यायला हव्यात. मला आल्या सात. आज १५ येतात आणि खरं सांगू, वजनापेक्षा मला त्याचाच माज जास्त आहे.

टार्गेट म्हणाल तर पहिल्या सहा महिन्यांत आहे त्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे ७८ किलोला चार-साडेपाच किलो. आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, बहुतेकदा त्याहून कमीच. भराभर उतरवलं की स्नायू जातात, शिवाय पित्ताचे खडे होऊ शकतात, माझ्या नणंदेला अशाच एका घाईत पित्ताशय काढून घ्यावं लागलं.

३. पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त वहीत लिहा

याला लोक हसतात, पण त्या सिअॅटलच्या बायकांमध्ये ज्या खाल्लेलं लिहून ठेवत होत्या त्यांचं वजन न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं, आणि ज्या जेवण चुकवत होत्या त्यांचं कमी. उपाशी राहून वजन उतरतं हा आपला जुना समज तिथे पण खोटाच ठरला.

नातीची जुनी शंभर पानी वही घ्या आणि तोंडात गेलं ते सगळं लिहा. भाजीची चव बघितली ते, देवाचा प्रसाद, नातवाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, सगळं. माझ्या वहीतून जे बाहेर आलं ते बघून मी गपगार झाले:

दाण्याचं कूट. आमच्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, चटणी तर कुटाचीच. शेंगदाणे वाईट नाहीत पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, एक पोह्याचा चमचा भरून कूट म्हणजे ५० धरा. माझे दिवसाला पाच-सहा चमचे होत होते, कळत पण नव्हतं.

चहा. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं किंवा खारी. गूळ घातला म्हणून फरक पडत नाही हो, गुळाची कॅलरी साखरेइतकीच.

आणि तिसरं म्हणजे "वाया कशाला घालवायचं". रात्री भांडी रिकामी करताना उरलेला भात, दोन चमचे शिरा, तळातली भाजी. मी जेवत होते एकदा आणि आवरताना परत अर्धं जेवत होते. आता लहान डबे घेतलेत, उरलेलं सरळ फ्रिजमध्ये जातं.

४. ताट बदला, स्वयंपाक नाही

वेगळा डाएटचा स्वयंपाक करायला लागलात की महिनाभरात कंटाळा येतो, आणि घरातले पण वैतागतात. जे शिजतंय तेच खायचं, फक्त वाटण्या बदलायच्या. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग प्रथिनं, पाव भाग पोळी किंवा भाकरी किंवा भात. "किंवा" लक्षात ठेवा. आपली सवय दोन पोळ्या आणि वर भात अशी असते, मी दुपारी भाकरी आणि रात्री पोळी ठेवली, भात रविवारी, वरण-भात-लिंबू-तूप असा छान साग्रसंगीत, पण तेव्हा पोळी नाही.

प्रथिनं इथे नीट थांबून वाचा, कारण मराठी बाईच्या ताटात सगळ्यात मोठी बोंब हीच आहे. पातळ आमटीच्या वाटीत डाळ दोन चमचे आणि बाकी पाणी. आयसीएमआर-एनआयएनचा, म्हणजे सरकारी राष्ट्रीय पोषण संस्थेचा, आकडा किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅमचा आहे, पण वय झालेल्यांसाठी, त्यातून वजन उतरवताना, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावं असं तज्ज्ञ सांगतात. मी काट्यावरचं नाही तर माझ्या उंचीला साजेसं वजन धरून ६० ते ६५ ग्रॅमचं टार्गेट ठेवलं. ते असं जमतं: सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि कपभर दूध (६), दुपारी ज्वारीची एक मोठी भाकरी (६), मोठी वाटी घट्ट उसळ (८-९), वाटीभर दही (५), संध्याकाळी मूठभर फुटाणे (६), रात्री दोन फुलके (६) आणि २५ ग्रॅम सुके सोया चंक्स भाजीत घालून (१३). झाले की ६२-६३. अंडी चालत नसतील तर मुगाची धिरडी आणि ५० ग्रॅम पनीर, मासे-चिकन खात असाल तर प्रश्नच नाही, फक्त रस्सा नाही तर तुकडे खा. आमच्या यांना सोया चंक्स म्हणजे स्पंज वाटतो, त्यांच्यासाठी घट्ट पिठलं.

तेल मोजायची सोपी युक्ती: रोजचं चमच्याने मोजत बसू नका, महिन्याचं मोजा. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं तर महिन्याला ६०० ग्रॅम, दोघांना साधारण सव्वा-तेराशे मिली. आमच्या दोघांना आधी तीन लिटर लागायचं! एक तारखेला मापाने बाटली भरून ठेवली, वीस तारखेला संपली, उरलेले दहा दिवस भाज्या वाफेवर. दुसऱ्या महिन्यात हात आपोआप आखडला.

लागणारं सामान फार नाही, एक साधा किचनचा वजनकाटा (पहिले दोन महिनेच लागतो, नंतर डोळ्याला अंदाज येतो), मोजायच्या दोन वाट्या आणि थोडं लहान ताट.

सापळे भराभर सांगते. गरम पाण्यात मध-लिंबू घेऊन चरबी वितळत नाही, मधाच्या कॅलरी मात्र वाढतात. "डाएट चिवडा" पण चिवडाच असतो. शुगरफ्री लाडवात तूप असतंच. आणि दुधीचा रस, तो कडू लागला तर एक घोट पण घेऊ नका, कडू दुधी विषारी असतो, लोक हॉस्पिटलमध्ये गेलेत त्याने.

५. चालणं: हळूहळू वाढवा, आणि मिसळीपासून सांभाळा

आधी बूट. घरातल्या सपाता, जुने सॅंडल नाही, नीट बसणारे, तळ न घसरणारे स्पोर्ट्स शूज, संध्याकाळी पाय जरा सुजलेले असतात तेव्हा जाऊन घ्या म्हणजे घट्ट होत नाहीत. साडीवर बूट विचित्र दिसतात म्हणून मी पहिले सहा महिने लाजत होते, शेवटी पंजाबी ड्रेस शिवून घेतले.

पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, बस. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या-पाऊण तासावर या, आठवड्यात पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. वेग किती हवा? बाजूच्या मैत्रिणीशी बोलता येतंय पण आरती म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. आरती सुरात म्हणता येत असेल तर तुम्ही रमतगमत चाललाय, आणि दोन शब्द पण बोलता येत नसतील तर हळू व्हा.

गुडघे दुखतात म्हणून चालत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा, गुडघ्याची झीज असलेल्यांमध्ये एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. तोवर सपाट जमिनीवर चाला, पूल-जिने टाळा, जवळपास तरणतलाव असेल तर पाण्यात चाला, सायकल असेल तर ती.

अंधारात निघू नका, नाशिकच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत तर ऊन पडल्यावरच. कुत्री, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि धुकं, तिन्ही एकदम नको. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावीच. छातीवर दाब, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, अचानक दम किंवा थंड घाम, असं काही झालं तर बसा आणि १०८ ला फोन लावा. बायकांना पुष्कळदा छातीत न दुखता नुसती मळमळ आणि प्रचंड थकवा येतो, "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

आता मिसळ. आमचा ग्रुप रविवारी चालून झालं की मिसळ खायला जायचा, नाशिक म्हटल्यावर मिसळ आलीच. पाऊण तास चालून माझ्यासारखीच्या दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात आणि तर्री-शेव-पाव-वर जिलबी यात त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज परत येतात. पहिल्या आठ महिन्यांचं गूढ इथेच उकललं. ग्रुप सोडू नका, ग्रुप सोडला तर चालणं पण सुटतं. महिन्यातून एकदा जाते, एक पाव, जास्तीची मटकी, जिलबी नाही.

६. ताकदीचा व्यायाम, जो कुणीच सांगत नाही

"दिवसभर घरचं काम करते, अजून कसला व्यायाम?" मी पण हेच म्हणायचे. पण घरकाम तेच ते असतं, शरीराला त्याची सवय झालेली असते, त्याने दम जातो पण स्नायू वाढत नाही. स्नायू वाढायला जरा जड, जरा अवघड असं काहीतरी द्यावं लागतं. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६५ च्या पुढच्या १०७ लठ्ठ माणसांचा वर्षभराचा अभ्यास आला होता. नुसतं डाएट आणि डाएट अधिक व्यायाम, दोन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं, दहा आणि नऊ टक्के, पण व्यायामवाल्यांचे स्नायू आणि खुब्याचं हाड कमी झिजलं आणि उठणं-बसणं-चालणं कितीतरी जास्त सुधारलं. काट्यावर हे दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सामान: भिंतीला टेकवलेली खुर्ची, एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून (म्हणजे एकेक किलो झाले), रबरी एक्सरसाइज बँड असेल तर उत्तम, आणि स्वयंपाकघराचा ओटा.

- खुर्चीतून उठबस, हात न टेकता. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा म्हणजे बैठक उंच होते, जमायला लागलं की उशी काढा.
- भिंत ढकलणं, हातभर अंतरावर उभं राहून कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत. महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीऐवजी ओट्याला हात टेकून.
- ओटा धरून टाचा उचलणं, वर दोन सेकंद थांबून सावकाश खाली.
- बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर, मग खांद्यापासून डोक्यावर. खांदा आखडलेला असेल तर डोक्यावर नको.
- बँड खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं, पाठीसाठी.
- पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, म्हणजे आपलं सेतुबंधासन.

प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, जरा थांबून परत एकदा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपे जायला लागले की बाटलीत पाण्याऐवजी वाळू. श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजत करा म्हणजे आपोआप सोडला जातो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक, सांध्यात कळ आली तर तो प्रकार थांबवा.

याशिवाय रोज दात घासताना बेसिन धरून एका पायावर उभं राहणं, आधी दहा सेकंद, मग एका बोटाचा आधार, मग बिनआधार. आणि जमिनीवर बसून उठायचा सराव, बाजूला पलंग ठेवून: आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग एक पाय पुढे आणि पलंगाला हात. हळदीकुंकवाच्या त्या दिवसानंतर हा मी सगळ्यात जास्त केला.

एक इशारा. हाडं ठिसूळ असल्याचं निघालं असेल तर पुढे झटक्याने वाकणं, पायाची बोटं धरणं, झोपून पोट उचलून बसणं हे प्रकार नकोत, मणक्याला धोका असतो. बरेच जण पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावतात, साठीत पहिल्यांदा करताना ते करू नका, शिकवणाऱ्याला आधी रिपोर्ट दाखवा.

७. दोन्हीचं वेळापत्रक एकत्र बसवा

सगळं एका सोमवारी सुरू करू नका, मी तर म्हणते सोमवारीच सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस वही, त्याबरोबर दहा मिनिटांचं चालणं. तिसऱ्या आठवड्यापासून साखर-कूट-तेल कमी. पाचव्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम आठवड्यात दोनदा आणि त्याच वेळी प्रथिनं वाढवा, कारण प्रथिनं आणि ताकद यांची जोडी आहे, एकाशिवाय दुसऱ्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. दोन महिन्यांनी गाडी पूर्ण रुळावर.

माझा आठवडा सांगते: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी वीस-पंचवीस मिनिटं ताकद आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी पाऊण तास चालणं. रविवार मोकळा. सकाळी व्यायामाआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर, झाल्यावर तासाभरात नाश्ता, अंडी किंवा धिरडी. रात्रीचं जेवण आठच्या आत, पण बंद नाही.

"आज जास्त चालले म्हणून एक लाडू चालतो" हे वाक्य मनात आलं की वही उघडा.

८. उपास, सण, पाहुणे

एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हण उगाच पडली नाही. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावालाच, त्यात कूट, बटाटा आणि तूप, एक भरलेली डिश चारशेच्या वर जाते आणि दोन तासांत परत भूक. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः दोन्ही एकादश्या करते. फक्त खिचडीऐवजी भगर थोडीशी, बरोबर दही-काकडी, दूध, पनीर, राजगिऱ्याची भाकरी आणि एखादं फळ. वेफर्स आणि उपासाचा चिवडा आणूच नका. नवरात्राचे नऊ दिवस करणार असाल आणि शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सणाला पुरणपोळी खा, एक खा, तुपासकट खा, बसून चवीने खा. घात पुरणपोळीने होत नाही, तो दिवाळीनंतर पंधरा दिवस डब्यात हात घालून होतो. डबे शेजारीपाजारी वाटून टाका. हळदीकुंकू, भिशी, बारसं इथे "घे गं, एकाने काय होतंय" म्हणणाऱ्या असतातच, त्यांच्याशी वाद घालायचा नाही, पुडी बांधून घ्यायची आणि घरी आणून नातवाला द्यायची. "पथ्य आहे" म्हटलं की आपल्या बायका लगेच गप्प बसतात, "डाएट आहे" म्हटलं की चेष्टा करतात. शब्द बदलून बघा.

घरचे? माझी सून पहिल्यापासून बरोबर होती, यांनी मात्र "आता या वयात कुणाला दाखवायचंय" इथून सुरुवात केली. चार महिन्यांनी त्यांची पण शुगर निघाली आणि आता सकाळी बूट घालून माझ्या आधी दारात उभे असतात.

९. काटा अडकला की

अडकतोच. माझा ७३ वर सव्वा दोन महिने अडकला होता. पहिल्यांदा कंबर मोजा, माझी त्याच काळात तीन सेंटिमीटर उतरली होती. कंबर पण हलत नसेल तर परत आठवडाभर वही लिहा, हमखास काहीतरी मागच्या दाराने आत आलेलं असतं, माझ्याकडे कूट परत आलं होतं. शिवाय वजन कमी झालं की शरीराला खायला पण कमी लागतं, त्यामुळे अर्धी पोळी अजून कमी करायची किंवा चालण्यात दहा मिनिटं वाढवायची. जेवण बंद करायचं नाही, पावडरी घ्यायच्या नाहीत, पोटाला बांधायचे पट्टे तर अजिबात नाही, त्याने फक्त घाम जातो आणि पैसे. थायरॉइड नसताना कुणाची थायरॉइडची गोळी "वजनासाठी" घेणाऱ्या पण मी बघितल्यात, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं झिजतात.

उलट, काही न करता वजन भराभर उतरायला लागलं, भूक गेली, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत अंगावरून गेलं, तर डाएटला श्रेय देत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर.

१०. दर तीन महिन्यांनी फाइल परत उघडा

चार-पाच किलो उतरले की गोळ्यांचे डोस परत बघावे लागतात. मला सहाव्या महिन्यात अंथरुणातून उठताना गरगरायला लागलं, मला वाटलं अशक्तपणा, मी आपली खजूर खात बसले. डॉक्टरांनी बीपी बघितलं तर १०४/६२, जुनीच गोळी पूर्ण चालू होती. त्यांनी डोस निम्मा केला, चार दिवसांत गरगरणं गेलं. तेव्हापासून घरचं बीपी मशीन आणि वही एकाच खणात असतात, दर रविवारी बसून, पाच मिनिटं शांत राहून, दोनदा मोजते आणि वजनाच्या शेजारच्या रकान्यात लिहिते.